मुदत उलटलेले फ्लाइट इन्स्ट्रक्टर प्रमाणपत्र पुन्हा चालू करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, दिलेल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टर प्रमाणपत्रापुरते आहे. अमेरिकेत शिकलेल्या, तेथे काही काळ विद्यार्थी घडवलेल्या आणि नंतर एअरलाइनची नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या किंवा निव्वळ दुर्लक्ष यांमुळे मुदत गेलेल्या मराठी वैमानिकांचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, इन्स्ट्रक्टर रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचे उड्डाण शिकवण्याची पात्रता, ही स्वतंत्र गोष्ट असून एफएएचे प्रमाणपत्र चालू झाले म्हणून भारतात शिकवण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

मुदत संपली म्हणजे माझे प्रमाणपत्र रद्द झाले का?

नाही. आपण मिळवलेली रेटिंग एफएएच्या नोंदीत कायम असतात. थांबतो तो शिकवण्याचा आणि लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, सही करण्याचा अधिकार. त्यामुळे सगळे पहिल्यापासून करावे लागेल, ही भीती अनाठायी आहे. मात्र मुदतीच्या आत जे नूतनीकरण साध्या अर्जावर आणि एखाद्या अभ्यासक्रमावर भागले असते, त्याची जागा मुदतीनंतर पुनर्स्थापना घेते, आणि तिचे नियम बरेच कडक आहेत. नूतनीकरणाचा नियम संघीय नियमावलीच्या १४व्या शीर्षकातील कलम ६१.१९७ मध्ये आहे आणि पुनर्स्थापनेचा ६१.१९९ मध्ये. ही दोन कलमे मुळातून वाचावीत. ती लहान आहेत, आणि हँगरमधील ऐकीव माहितीपेक्षा कितीतरी स्पष्ट आहेत.

माझ्या नव्या कार्डावर अंतिम तारीखच छापलेली नाही. मग मुदत संपते कशी?

१ डिसेंबर २०२४ पासून एफएए इन्स्ट्रक्टर प्रमाणपत्रावर अंतिम तारीख छापत नाही. वैमानिकाच्या प्रमाणपत्राला पूर्वीपासूनच अशी तारीख नव्हती. इन्स्ट्रक्टरचे प्रमाणपत्र आता त्याच रांगेत आले. याचा अर्थ बंधन गेले असा मात्र मुळीच नाही. दर २४ कॅलेंडर महिन्यांत ‘अलीकडचा अनुभव’ दाखवण्याची अट कायम आहे आणि त्याची अंतिम तारीख एफएएच्या वैमानिक नोंदवहीत ऑनलाइन पाहता येते. आमच्या मते या बदलाने विसरभोळ्या माणसाचे नुकसानच झाले आहे, कारण पूर्वी पाकिटातले कार्ड तरी आठवण करून देत असे. तारीख स्वतः पाहून लिहून ठेवावी.

मुदतीनंतरच्या तीन महिन्यांची सवलत नेमकी कशी मोजायची?

ही सवलतही त्याच नव्या नियमाने आली. समजा, आपल्या अलीकडच्या अनुभवाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. आपण फेब्रुवारीत मान्यताप्राप्त रिफ्रेशर अभ्यासक्रम पूर्ण करून अर्ज केला, तर ते साधे नूतनीकरण झाले आणि पुढची मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत गेली. थोडे आधी केल्यामुळे आपला एकही महिना वाया गेला नाही. मार्च उलटून गेला असेल, तर एप्रिल, मे आणि जून हे तीन कॅलेंडर महिने हातात राहतात, आणि ३० जूनपर्यंत हाच रिफ्रेशर अभ्यासक्रम पूर्ण करून पुनर्स्थापना करून घेता येते. १ जुलै उजाडला की हा मार्ग बंद. अभ्यासक्रम किमान १६ तासांचा असतो, तो बहुतेक ठिकाणी ऑनलाइन करता येतो आणि अभ्यासक्रम चालवणारी संस्था अनेकदा अर्जाची प्रक्रियाही पार पाडून देते. तरीही शेवटच्या आठवड्यावर विसंबून राहू नये.

त्या तीन महिन्यांत मी शिकवू शकतो का?

नाही. ती मुभा फक्त पुनर्स्थापनेचा सोपा मार्ग वापरण्यापुरती आहे. या काळात दिलेले धडे अधिकृत प्रशिक्षण म्हणून धरले जात नाहीत आणि दिलेल्या सह्यांना किंमत राहत नाही. त्याचा फटका इन्स्ट्रक्टरइतकाच, किंबहुना जास्तच, विद्यार्थ्याला बसतो.

मुदत संपून सात-आठ वर्षे झाली. रिफ्रेशर अभ्यासक्रमावर काम भागेल का?

भागणार नाही. तीन महिने उलटल्यानंतर नागरी वैमानिकासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजेच चेकराइड. चार महिने झाले काय किंवा चौदा वर्षे झाली काय, नियमाच्या दृष्टीने सारखेच. अमेरिकी सैन्यदलांतील इन्स्ट्रक्टर वैमानिकांसाठी नियमात वेगळी तरतूद आहे, पण ती या पानाच्या वाचकांपैकी क्वचितच कुणाला लागू पडेल. रिफ्रेशर अभ्यासक्रम अभ्यासासाठी म्हणून जरूर करावा, कारण बदललेले नियम त्यात एकत्र सापडतात. पण त्याचे प्रमाणपत्र परीक्षेला पर्याय ठरत नाही.

फार जुन्या पद्धतीनुसार वैमानिकाच्या प्रमाणपत्रावरच इन्स्ट्रक्टर रेटिंग असलेल्या एखाद्या ज्येष्ठ वैमानिकाने विचारणा केल्यास उत्तर निराळे आहे: ते रेटिंग आता वैध नाही आणि ते बदलूनही मिळत नाही.

माझ्याकडे एकइंजिनी, बहुइंजिनी आणि इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे) अशी तिन्ही इन्स्ट्रक्टर रेटिंग आहेत. तीन परीक्षा द्याव्या लागतील का?

प्रमाणपत्रावर असलेल्या कोणत्याही एका रेटिंगची परीक्षा उत्तीर्ण झालात की सगळी रेटिंग एकदम पुन्हा चालू होतात. त्यामुळे खरा प्रश्न कोणती परीक्षा निवडावी हा आहे, आणि येथे लोक बहुतेक वेळा सोयीचा विचार करतात. एअरलाइनमधून आलेल्या वैमानिकाला इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरची परीक्षा जवळची वाटते, कारण रोजचे उड्डाण त्याच नियमांखाली चालते. त्यात काही गैर नाही. परंतु परीक्षेनंतर आपण नवख्या विद्यार्थ्याला लहान विमानात उतरायला शिकवणार असाल, तर एकइंजिनी विमानाची परीक्षा द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या कामाला हात घालायचा आहे त्याच कामाची परीक्षा झालेली बरी. अन्यथा कागदोपत्री तिन्ही रेटिंग चालू आणि प्रत्यक्षात उजव्या सीटवरून वर्षानुवर्षे एकही लँडिंग नाही, अशी अवस्था होते.

लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते का?

आधीपासून असलेल्या रेटिंगवर पुनर्स्थापना करताना लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

नवे इन्स्ट्रक्टर रेटिंग घेतले तर जुने प्रमाणपत्रही चालू होते का?

होते. अतिरिक्त इन्स्ट्रक्टर रेटिंगची प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पुनर्स्थापना त्यातच होऊन जाते. मात्र नव्या रेटिंगसाठी त्याच्या सर्व अटी लागू होतात. उदाहरणार्थ, इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टर रेटिंग नव्याने घ्यायचे असेल तर त्या विषयाची लेखी परीक्षा आणि अधिकृत इन्स्ट्रक्टरची एन्डॉर्समेंट, म्हणजे तयारी झाल्याची सहीनिशी नोंद, लागते. ज्यांना ते रेटिंग कधी ना कधी घ्यायचेच होते, त्यांना एका परीक्षेत दोन कामे उरकता येतात.

अर्ज करण्यापूर्वी कोणती कागदपत्रे तपासावीत?

सर्वांत आधी कमर्शियल किंवा एअरलाइन ट्रान्सपोर्ट वैमानिकाचे मूळ प्रमाणपत्र पाहावे. ते अजूनही कागदी असेल, तर ३१ मार्च २०१० नंतर त्यावर उड्डाणाचे अधिकार वापरता येत नाहीत. ऑक्लाहोमा सिटी येथील एअरमेन सर्टिफिकेशन ब्रँचकडून प्लॅस्टिकचे कार्ड मागवावे लागते. त्यानंतर पत्ता. कायमचा पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत एफएएला न कळवल्यास प्रमाणपत्राचे अधिकार वापरता येत नाहीत, आणि मायदेशी परतलेले अनेक जण नेमके येथेच अडकतात. नोंदीत अमेरिकेतील प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता नसेल, तर आपल्या वतीने सरकारी कागद स्वीकारणारा अमेरिकेतील प्रतिनिधी एफएएच्या पोर्टलवर नेमावा लागतो. आधीपासून प्रमाणपत्र असलेल्यांना ही अट ७ जुलै २०२५ पासून लागू आहे. पुण्यात किंवा नाशकात बसून परीक्षेची तारीख घेण्याआधी हे काम उरकून घ्यावे.

फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे वैमानिकाची इन्स्ट्रक्टरकडून होणारी ठरावीक काळाची तपासणी, २४ कॅलेंडर महिन्यांच्या आतील असावा. पुनर्स्थापनेची प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास ती पुढील फ्लाइट रिव्ह्यूच्या जागी धरली जाते. पण परीक्षेच्या दिवशी विमानाचे मुख्य वैमानिक म्हणून साधारणपणे आपणच बसणार असल्याने, रिव्ह्यू उलटलेला असेल तर तो आधी करून घेणे शहाणपणाचे. परीक्षेसाठी किमान तिसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असावे किंवा बेसिकमेड या वैद्यकीय प्रमाणपत्राला पर्यायी योजनेच्या अटी पूर्ण केलेल्या असाव्यात. बेसिकमेडसाठी १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी एफएएचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेले असणे आणि अमेरिकेतील वाहनचालक परवाना चालू असणे आवश्यक आहे. तो परवाना नसणाऱ्यांनी सरळ तिसऱ्या वर्गाची तपासणी करून घ्यावी.

अर्ज आयॅक्रा या एफएएच्या ऑनलाइन प्रणालीवर भरला जातो. जुने खाते असेल तर नवे उघडू नये. पासवर्ड बदलून घ्यावा. दोन खात्यांमुळे परीक्षेच्या सकाळी अर्ज उघडत नाही, आणि विमान भाड्याने घेऊन ठेवलेल्या माणसाला तो उशीर चांगलाच महागात पडतो.

परीक्षा कोण घेते आणि शुल्क किती?

एफएएच्या स्थानिक फ्लाइट स्टँडर्ड्स कार्यालयातील निरीक्षक किंवा त्या प्रकारच्या परीक्षेचा अधिकार असलेला डेझिग्नेटेड पायलट एक्झामिनर, म्हणजे डीपीई. निरीक्षक शुल्क घेत नाही, पण त्याची वेळ मिळणे कठीण असते. डीपीई स्वतःचे शुल्क स्वतः ठरवतो. प्रत्येक डीपीईला इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेचा अधिकार नसतो, हे फोनवर पहिल्याच वाक्यात विचारून घ्यावे.

परीक्षेत प्रत्यक्ष काय विचारतात?

विमानासाठीचे इन्स्ट्रक्टर परीक्षेचे मानक, म्हणजे एसीएस, ३१ मे २०२४ पासून लागू झाले असून त्यात नूतनीकरण आणि पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र तक्ता दिलेला आहे. पहिल्या इन्स्ट्रक्टर परीक्षेइतकी ही परीक्षा लांबत नाही, कारण प्रत्येक भागातील सर्व कामे न घेता निवडक कामे घेतली जातात. परंतु कोणती निवडायची हे परीक्षक ठरवतो, म्हणून तयारी मात्र सगळ्याचीच करावी लागते.

जमिनीवरील भागात लोक अडखळतात ते बहुधा एन्डॉर्समेंटच्या प्रश्नांवर. परीक्षक एखाद्या काल्पनिक विद्यार्थ्याची लॉगबुकाची पाने पुढे ठेवतो. विद्यार्थ्याची पहिली सोलो, म्हणजे एकट्याचे उड्डाण, झालेली आहे, त्याच प्रकारच्या विमानाची सोलो एन्डॉर्समेंट आहे, क्रॉस-कंट्रीची, म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाची, सर्वसाधारण एन्डॉर्समेंटही आहे; उद्या सकाळी त्याला एकट्याने क्रॉस-कंट्री जायचे आहे, तर तुम्ही पाठवाल का? सही नीट पाहिली तर सोलो एन्डॉर्समेंटला ९० दिवस उलटून गेलेले असतात. ते लक्षात आले तरी प्रश्न संपत नाही, कारण त्या विशिष्ट उड्डाणाचे नियोजन तपासल्याची वेगळी नोंदही हवी असते. वर्षानुवर्षे न शिकवलेल्या माणसाला हे नियम आठवत नाहीत असे नाही, पण कोणती सही कधी शिळी होते याची सवय मोडलेली असते. सल्लापत्रक ६१-६५ मध्ये एन्डॉर्समेंटचे नमुने दिलेले आहेत. ते पाठ करण्याची गरज नाही; आपला विद्यार्थी कल्पून त्याच्या पहिल्या धड्यापासून प्रायव्हेट पायलटच्या परीक्षेपर्यंतच्या सर्व सह्या एकदा हाताने लिहून काढाव्यात.

हवेत गेल्यावर आपण उजव्या सीटवर बसता आणि उडवता उडवता शिकवता. विमान नीट उडवणारा माणूसही येथे गप्प होतो, किंवा बोलायला लागला की उंची सोडतो. शेजारी-शेजारी सीट असलेल्या विमानात तीव्र वळण घेताना उजवीकडून दिसणारे नाक आणि क्षितिज यांचे नाते डावीकडून दिसणाऱ्यापेक्षा वेगळे असते. डाव्या वळणात ते एका बाजूला सरकलेले दिसते, उजव्या वळणात दुसऱ्या; आणि आपल्याला जे दिसते तेच विद्यार्थ्याला सांगितले तर तो चुकीच्या ठिकाणी नाक ठेवतो. डाव्या पॅनलवरची उपकरणेही उजवीकडून तिरकी वाचली जातात. परीक्षक वाट पाहत असतो ती अशा क्षणी तुम्ही ‘तुझ्या बाजूने असे दिसेल’ हे सांगता का, याची. शिवाय तो मधूनच विद्यार्थ्याची भूमिका घेऊन चुका करतो: लँडिंगच्या आधी वेग घटू देतो, रडर विसरतो. ती चूक तुमच्या नजरेत केव्हा येते, तुम्ही ती शब्दाने सुधारता की नियंत्रण हातात घेता, आणि घेतलेच तर ते स्पष्ट सांगून घेता का, हे तो पाहतो.

म्हणून परीक्षेपूर्वी सध्या शिकवत असलेल्या एखाद्या इन्स्ट्रक्टरबरोबर उजव्या सीटवरून काही उड्डाणे करावीत, आणि प्रत्येक कसरत मोठ्याने बोलून करावी. मनातल्या मनात शिकवून सराव होत नाही.

परीक्षेसाठी कॉम्प्लेक्स विमान लागते का?

लागत नाही. २०१८ पासून एकइंजिनी विमानाच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेत मागे घेता येणारी चाके असलेले विमान आणण्याची सक्ती राहिलेली नाही. जुन्या मित्रांकडून याच्या उलट सल्ला हमखास मिळतो.

मी शिकवणे थांबवल्यापासून आणखी काय बदलले?

किती वर्षांपूर्वी थांबवले यावर ते अवलंबून आहे, पण २०१५ च्या सुमारास थांबलेल्या माणसाला बरेच नवे भेटेल. १ एप्रिल २०१६ पासून विद्यार्थी वैमानिकाचे प्रमाणपत्र वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर देत नाही. त्याचा अर्ज इन्स्ट्रक्टरही आयॅक्रावरून स्वीकारून पुढे पाठवू शकतो, म्हणजे ओळख तपासण्याचे काम आपल्याकडे आले. त्याच वर्षी प्रायव्हेट आणि इन्स्ट्रुमेंट परीक्षांची जुनी मानके जाऊन एसीएस आले आणि प्रत्येक कामासोबत धोक्याच्या व्यवस्थापनाचे प्रश्न जोडले गेले. संथ उड्डाणाची अपेक्षाही बदलली: आता ते स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटण्याची, सूचना न वाजता करायचे असते, पूर्वीसारखे हॉर्न वाजत ठेवून नव्हे. हा बदल छोटा दिसतो, पण जुन्या सवयीने शिकवलेला विद्यार्थी परीक्षेत याच ठिकाणी चुकतो. बेसिकमेड १ मे २०१७ पासून आले. एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारे उपकरण, १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत अनिवार्य झाले. फ्लाइट प्लॅनचा नमुना आंतरराष्ट्रीय पद्धतीचा झाला. आणि अगदी अलीकडे, २२ ऑक्टोबर २०२५ पासून, स्पोर्ट पायलटचे, म्हणजे हलक्या विमानांपुरत्या वैमानिक प्रमाणपत्राचे, अधिकार मोझेक या नियमाने बरेच रुंदावले आहेत.

अनुत्तीर्ण झालो तर?

कमी पडलेल्या विषयांत अधिकृत इन्स्ट्रक्टरकडून प्रशिक्षण घेऊन, त्याची एन्डॉर्समेंट घेऊन पुन्हा परीक्षा देता येते. ६० दिवसांच्या आत पुन्हा बसल्यास आधी उत्तीर्ण झालेले भाग परीक्षक ग्राह्य धरू शकतो. स्टॉल किंवा स्पिन (स्टॉलनंतर विमानाचे गिरक्या घेत खाली जाणे) शिकवण्यातील उणिवेमुळे अनुत्तीर्ण झाल्यास मात्र पुढच्या वेळी स्पिनसाठी प्रमाणित विमान आणावे लागते आणि त्यात शिकवण्याचे कौशल्य दाखवावे लागते. असे विमान प्रत्येक फ्लाइंग स्कूलकडे नसते, म्हणून या विषयाला कमी लेखू नये.

मुदत चालू असताना मी दिलेल्या जुन्या सह्यांचे काय?

अधिकार चालू असताना दिलेले प्रशिक्षण आणि केलेल्या नोंदी नंतर मुदत संपली म्हणून बाद होत नाहीत. ज्या एन्डॉर्समेंटला स्वतःची कालमर्यादा आहे तिची ती मर्यादा तेवढी लागू राहते. एन्डॉर्समेंटच्या आपल्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे इन्स्ट्रक्टरवर बंधनकारक आहे.

तोपर्यंत ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून वर्ग घेता येतील का?

ग्राउंड इन्स्ट्रक्टरचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि त्याला अंतिम तारीख नाही. त्याची अलीकडच्या अनुभवाची अट १२ महिन्यांची असून ती कलम ६१.२१७ मधील मार्गांनी पूर्ण करता येते; त्यांपैकी एक म्हणजे अधिकृत इन्स्ट्रक्टरकडून ज्ञान तपासून एन्डॉर्समेंट घेणे. ते प्रमाणपत्र असेल तर चेकराइडची वाट पाहताना जमिनीवरचे शिकवणे सुरू करावे. परीक्षेची याहून चांगली तयारी नाही.

उत्तीर्ण झाल्यावर लगेच शिकवायला सुरुवात करता येते का?

त्याच दिवशी तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि ते १२० दिवस चालते. कार्ड नंतर टपालाने येते. तरी तीन गोष्टी पाहाव्यात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे सुरक्षा-जागृती प्रशिक्षण इन्स्ट्रक्टरला आवश्यक असते आणि ते दर दोन वर्षांनी पुन्हा करावे लागते. प्रायव्हेटसारख्या पहिल्या प्रमाणपत्राचे, इन्स्ट्रुमेंट किंवा बहुइंजिनी रेटिंगचे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याचे नागरिकत्व तपासून त्याची नोंद करावी लागते. विद्यार्थी परदेशी नागरिक असेल तर त्या प्रशासनाची मंजुरी आल्याशिवाय धडा सुरू करता येत नाही. आणि बहुइंजिनी विमानात प्रमाणपत्रासाठी किंवा रेटिंगसाठी शिकवायचे असेल, तर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलवर मुख्य वैमानिक म्हणून किमान ५ तास झालेले असावेत.

पुढच्या वेळी परीक्षा टाळायची असेल तर?

परीक्षा उत्तीर्ण झालेल्या महिन्यापासून २४ कॅलेंडर महिने मोजावेत. त्या काळात किमान ५ विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक परीक्षेसाठी शिफारस केली आणि त्यांपैकी ८० टक्के पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, तर त्या नोंदीवर नूतनीकरण होते. मुख्य इन्स्ट्रक्टर, एअरलाइनचा चेक पायलट किंवा वैमानिकांचे नियमित मूल्यमापन करावे लागणारे पद असेल तर त्या आधारे होते; एअरलाइनमध्ये गेलेल्या कित्येकांना हा मार्ग ठाऊकच नसतो आणि ते विनाकारण मुदत घालवून बसतात. विंग्ज या एफएएच्या वैमानिक-कौशल्य कार्यक्रमात किमान ५ वेगवेगळ्या वैमानिकांचे मूल्यमापन करत १५ उड्डाण-उपक्रम घेतल्यासही चालते. यांपैकी काहीच जमत नसेल तर रिफ्रेशर अभ्यासक्रम आहेच. मात्र मार्ग कोणताही असला तरी मुदतीच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. पात्रता कमावली आणि अर्ज राहून गेला, तर ती नोंद पुनर्स्थापनेच्या कामी येत नाही.